लाभ, दोन, तीन

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

श्री गजानन प्रसन्न.

मुहूर्त बघूनच घर सोडलं. घनसावंगीहून पहिली जीप, जालन्यात बस धरली, राजूरला उतरून आधी गणपतीपुढे नारळ ठेवला आणि मंग ह्या माळावर आलो. दोन खोल्या, वर पत्रा, समोर एक कडुलिंब. मला घर पसंत पडलं. गुढीला कळक मिळाला न्हाई म्हणून कडुलिंबाच्या फांदीलाच तांब्या आणि खण बांधला. पाला वेगळा आणायला नको. हे हसले, म्हणाले, तुझ्या काटकसरीतून देवसुद्धा सुटला न्हाई.

कामाचं लिहून ठेवते. ही बरड जमीन संभाजीनगरच्या राजनंदिनीताईंची. पिकत काही न्हाई, पण माळाच्या पोटात एक झरा आहे आणि उन्हाळ्यात लांबलांबची पाखरं तिथे पाण्याला येतात. छोटी छोटी, रंगीत. शहरातले लोक त्यांचे फोटो काढायला येऊन राहतात. ह्यांनी पाणवठा साफ ठेवायचा. मी आल्यागेल्याचा स्वयंपाक करायचा आणि रोज कोणती पाखरं किती आली ते मांडून ठेवायचं. हे दुसरं काम ताईंनी मला मुद्दाम दिलं. मी दहावी पास आहे, आणि बारा वर्षं बचत गटाची वही लिहिली, एका ओळीत खाडाखोड न्हाई.

वर्षाराणीला तर आभाळ ठेंगणं झालंय. आमची एकुलती एक, विसावं सरलं आत्ताच. ताईंनी आपला जुना कॅमेरा तिला वापरायला दिलाय. आल्यापासून गळ्यातून काढला न्हाई. मी म्हटलं, झोपताना तरी काढशील का.

वही नवी आणली न्हाई. वर्षाची बारावीच्या प्रॅक्टिकलची निम्मी कोरी होती. पुढून पाखरं लिहीन, मागून ही रोजनिशी. हे म्हणाले, दोन्हीकडून लिहीत आलीस तर एक दिवस मधोमध स्वतःलाच धडकशील.

१ एप्रिल, मंगळवार. विनायकी चतुर्थी.

श्री गजानन प्रसन्न. अंगारकीचा योग, म्हणून घरीच एकवीस दूर्वा वाहिल्या.

पाणवठा म्हणजे परातीएवढं सिमेंटचं कुंड, टीचभर खोल. वर एक वाळकी फांदी रोवलेली. पाखरू आधी फांदीवर बसतं, इकडेतिकडे बघतं आणि मंग उतरतं. फांदीवर बसलं की फोटो. समोर दहा पावलांवर हिरव्या कापडाची झोपडी, तिला ताई हाईड म्हणतात. आत दोन स्टुलं, दोन चौकोनी खिडक्या. एकानं डावीकडे बसायचं, एकानं उजवीकडे, आणि हूं की चूं करायचं न्हाई.

सकाळी मीपण तासभर बसले. काय सांगू! एक तांबट आला, हिरवा गार, कपाळावर एवढा मोठा लाल टिळा, जसा नुकताच देवळातून आलाय. हळद्या आला, नवरदेवासारखा पिवळा. शिंजीर म्हणून एक बोटाएवढं पाखरू, सावलीत काळं आणि उन्हात आलं की जांभळं, मोरपिशी, परत काळं. लाल मुनियांची तर रांगच लागली, डाळिंबाचे दाणे सांडावेत तशी. एवढे रंग देवानं एवढ्याशा अंगावर कसे बसवले असतील!

दुपारी रखमाजी नावाचे म्हातारे मेंढरं घेऊन झऱ्याच्या खालच्या अंगाला आले. सत्तरीचे असतील. घोंगडी खांद्यावर, बोलायला खट्याळ. मला वही लिहिताना बघून म्हणाले, तलाठीणबाई, पाखराला बी सातबारा देता काय. मंग वहीत डोकावले आणि विचारलं की पहिलं काय मांडलं. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, इथं एक म्हणायचं न्हाई. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आमच्या बापजाद्यांनी ह्या पाण्यावर मेंढरं अशीच मोजली. पहिलं त्याचं. म्हणजे घेत न्हाई तो, नुसतं म्हणायचं. मंग बाकीचं आपलं.

त्याचं म्हणजे कुणाचं, ते काही सांगितलं न्हाई.

मला नवल वाटलं न्हाई. आमच्या माहेरी खळ्यावर धान्य मापताना वडील पहिल्या मापाला लाभच म्हणायचे. मी आकडा खोडून 'लाभ' लिहिलं. वहीतली पहिली खाडाखोड.

४ एप्रिल, शुक्रवार.

आज ताई आल्या. पिठलं, भाकरी, ठेचा केला, दोनदा मागून घेतला. मंग वही बघितली आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, तुळजाबाई, हे लाभ म्हणजे किती? मी खळ्याचं सांगितलं. ताई म्हणाल्या, छान आहे हो, पण मला हे संगणकात भरायचंय, तिथे लाभ भरता येत न्हाई. एक लिहा, स्वच्छ. नोकरी त्यांची, माळ त्यांचा. मी बरं म्हटलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात थोडं खुपलं, पण आकडा लिहिण्यात काय पाप.

वर्षाचा शिंजिराचा फोटो ताईंना फार आवडला. कुठल्याशा स्पर्धेला पाठवणार आहेत, निवडला तर कॅमेरा तिचाच. वर्षानं मला पडद्यावर तो फोटो मोठा मोठा करून दाखवला. म्हणाली, आई, पंख हलले तरी चालतात, पाखराचा डोळा लख्ख आला पाहिजे. डोळा न्हाई तर फोटो न्हाई. त्या मोहरीएवढ्या डोळ्यात सगळं दिसत होतं. आभाळ, कडुलिंब, हिरवी झोपडी आणि डाव्या खिडकीत वर्षाचा कॅमेरा. मी हात जोडले. ही त्याची करणी.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.

एक गंमत झाली. का गंमत म्हणू. आज पानं उलटताना ५ तारखेला '१. तांबट' असं दिसलं. तांबट म्हणजे कोणतं पाखरू? मला आठवेचना. वर्षाला विचारलं, तर ती म्हणाली, तूच कायतरी लिहिलं असशील, मी असलं पाखरू इथे पाहिलं न्हाई. पण ह्याच रोजनिशीत मी १ तारखेला लिहिलंय, हिरवा, कपाळावर लाल टिळा, देवळातून आल्यासारखा. अक्षर माझं. आठवण न्हाई.

उपासानं डोकं हलकं झालं असेल. साबुदाणा खाल्ला आणि पडले.

१० एप्रिल, गुरुवार. महावीर जयंती.

सकाळी अकराला वर्षा हाईडमधून बाहेर आली ती पाय ओढत. कॅमेरा माझ्या हातात दिला. फोटो चष्मेवाल्याचा होता, हिरवा पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. तिनं डोळा मोठा केला. आभाळ. कडुलिंब. झोपडी. डाव्या खिडकीत वर्षा.

उजव्या खिडकीतही कुणीतरी बसलंय.

मी तशीच हाईडमध्ये गेले. उजवं स्टूल बघितलं. चार दिवसांत कुणी आलेलं न्हाई, वर फुफाटा जमलेला, बोटानं रेघ ओढावी एवढा. जसाच्या तसा होता. मी हनुमंताचं नाव घेऊन बाहेर आले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, कापडाची सावली असते, तुम्ही मायलेकी एकमेकींना भेव घालून राह्यल्या.

अजून एक. कॅमेऱ्यात सतरा फोटो नुसत्या फांदीचे आहेत. वाळकी फांदी, मागे पाणी, पाखरू न्हाई. वर्षालाही सांगता येईना की रिकाम्या फांदीचे फोटो तिनं का काढले.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती.

मारुतीला तेल घालून आले आणि जरा बरं वाटलं. पुण्याचे एक साहेब आज फोटोला आले. वर्षा आधी नको म्हणत होती, पण सोबत आहे म्हटल्यावर गेली. ताईंचा फोन आला की पाखरांसारखं हाईडमध्ये कोण कोण बसलं तेही वहीत लिहीत चला. मी लगेच पान आखलं. १. वर्षाराणी. २. पुण्याचे साहेब. मोठ्या माणसाच्या आधी लेकीचं नाव लिहिताना मनाला गोड वाटलं.

साहेब जाताना म्हणाले, पाखरं फार कमी झालीत हो. ताईंनी हळद्याचं सांगितलं होतं, शिंजिराचं सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं. कसली नावं घेत होते कोण जाणे.

१३ एप्रिल, रविवार.



सकाळी ताईंचा फोन. जरा तोडूनच बोलल्या. स्पर्धेवाल्यांनी कळवलंय की तुम्ही रिकाम्या फांदीचा फोटो पाठवला. ताईंनाही आता आठवेना की त्यात काय होतं.

मी वही घेऊन बसले. हिशोब लागत नसला की मी असंच करते, सगळं एका कागदावर उतरवते. रोजचं पहिलं नाव उतरवलं. ५ ला पहिलं तांबट. त्यानंतर तांबट कुठेच न्हाई. ६ ला पहिलं हळद्या. त्यानंतर हळद्या न्हाई. ७ ला शिंजीर. ८ ला लाल मुनिया. ९ ला नाचण. १० ला चष्मेवाला. ११, १२ चंही तसंच. ज्याच्यापुढे मी १ लिहिलं ते दुसऱ्या दिवशीपासून न्हाई. वहीत न्हाई, फोटोत न्हाई, डोक्यात न्हाई. माझी रोजनिशी सांगते की मी ती डोळ्यांनी बघितली. नवरदेवासारखा पिवळा. डाळिंबाचे दाणे. मला एकही दिसत न्हाई डोळ्यांसमोर.

४ तारखेपर्यंत लाभ लिहीत होते. तेव्हा काही गेलं न्हाई.

मंग मी पान उलटलं. १२ तारीख.

१. वर्षाराणी.

१४ एप्रिल, सोमवार.

रखमाजींना गाठलं. सगळं सांगितलं. आज खट्याळपणा न्हवता. काठीनं माती उकरत बोलले. त्यांच्या आजीच्या हातावर एक नाव गोंदलेलं होतं, साहेबराव. थोरला भाऊ माझा, असं आजी म्हणायची. पण कसा होता, कधी गेला, घरात कुणालाच आठवत न्हवतं, आजीलाबी न्हाई. नुसतं गोंदण. दुष्काळात सरकारी माणूस छावणीला गुरंमाणसं मोजायला आल्ता, त्यानं ह्याच पाण्यावर एकपासून मोजलं, पहिला साहेबराव.

मी विचारलं, उपाय. आता परत लाभ म्हटलं तर. म्हणाले, आदी नुसतं म्हणलं तरी भागत व्हतं, आता त्याला चव लागली. आता पहिल्या जागेवर कुणीतरी आपल्या हातानं, राजीखुशीनं बसाया लागंल, तवा आदीचं सुटंल.

मी विचारलं, कुणी बसलं होतं का. ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, आजीची माय गेल्ती की, लेकासाठी. पाण्यावर बसली दिवसभर. पर कुणासाठी बसली तेच तिला आठवंना. मंग उठली, पदर झटकला अन् घरला आली. भाकरी टाकाया.

मुलगी घेऊन गावी निघून जाऊ का, असंही विचारलं. ते म्हणाले, कुटंबी न्या. नाव हितं मांडलंया. पाखरू एका रातीत जातं, माणूस जाया चार दिस लागत्यात, येवढंच.

घरी येऊन ते नाव खोडलं. ब्लेडनं खरवडलं. खालच्या पानावर उठलंय. त्याच्या खालच्याही पानावर.

खरं लिहिते, देवापासून काय लपवायचं. बसायला जायची मला भीती वाटली. उद्या जाते म्हटलं. आधी गणपतीला साकडं घालून बघते.

१५ एप्रिल, मंगळवार.

दुपारी जेवायला दोन ताटं वाढली.

ह्यांचं आणि माझं. हे जेवायलाही लागले. मी दुसरा घास घेतला आणि बघितलं तर दारात एक पोरगी उभी, गळ्यात कॅमेरा, डोळ्यांतून पाणी. म्हणाली, आई, माझं ताट.

वीस वर्षांत माझी ताटं कधी चुकली न्हाईत.

तिला पोटाशी धरलं. अंग गार लागतं. ती म्हणाली, सकाळपासून हाका मारून राह्यले, तू बघतच न्हाईस. कुंडावर नेऊन पाण्यात बघितलं. कडुलिंब दिसतो, मी दिसते, माझा हात हवेला धरून—

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी.

राजूरला जाऊन आले. पायी. दर्शनाला रांग मोठी. गाभाऱ्यात पोचले, हात जोडले आणि कशासाठी आले ते आठवेना. मागची बाई ढकलायला लागली तेव्हा सगळ्यांना सुखी ठेव म्हटलं आणि बाहेर आले. पायरीवर आठवलं. परत रांगेत उभी राहिले न्हाई, उन्हं उतरायला लागली होती.

आता सगळं इथे लिहून ठेवते. मला माझ्या वहीचाच भरवसा.

वर्षाराणी. माझी मुलगी. वय वीस. उजव्या भुवईवर पाळण्याची कडी लागल्याची खूण. वरणात गूळ लागतो. पाल दिसली की माझ्या मागे लपते. चालताना गाणं गुणगुणते, सुरात न्हाई. बाळंतपणात मी दोन दिवस अडले होते, सासूबाई तुळजापूरला नवस बोलल्या होत्या. नाक माझं, कान ह्यांचे.

हे आत्ता विचारून गेले, हा कॅमेरा कोण विसरून गेलं.

१७ एप्रिल, गुरुवार.

पाखरं न्हाईत. एकही न्हाई. माळावर आवाजच न्हाई.

सकाळी चुलीपाशी एक मुलगी बसलेली होती. मी तिला पाणी दिलं. कुणाची गं तू, असं विचारलं. ती तोंडावर हात घेऊन—

मंग मी वही वाचली.

वाचलं आणि किंचाळले. धावत बाहेर आले. ती हाईडकडे चालत चाललेली, आपण होऊन, कुणी बोटाला धरून नेतं तशी. कापड वर झालं. ती आत गेली. मी पोचले तेव्हा आत कुणी न्हाई. डाव्या स्टुलावर कॅमेरा. उजव्या स्टुलावरचा फुफाटा

पुसलेला.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तुळजे, काय करून राह्यलीस, आपल्याला मूलबाळ कुठंय. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रडत होते. का रडतोय ते त्यांना सांगता येईना.

१८ एप्रिल, शुक्रवार.

सकाळी नऊ. हाईडमध्ये बसलेय. डाव्या स्टुलावर.

मधलं एकच पान उरलंय. पुढून पाखरं आली, मागून मी.

कशासाठी बसलेय ते तीनदा वाचलं. वाचते तोवर राहतं, मान वर केली की जातं. म्हणून मान वर करत न्हाई. वर्षाराणी. नाव चांगलंय. कुणी ठेवलं असेल.

कॅमेऱ्यात शेवटचा फोटो आहे. फांदीवर पाखरू न्हाई, नुसता त्याचा डोळा. डोळ्यात झोपडी. उजव्या खिडकीत ते. डाव्या खिडकीत एक पोर, कापडाला आतून दोन्ही हात टेकलेले. भुवईवर खूण.

माझी कोण न्हाई ती. आठवत न्हाई. पोटात काहीच हलत न्हाई तिला बघून. दया येते, परक्या पोराची येते तशी. घरी भाजी चिरायची पडलीय. उठावं का—

त्या बाईला लिहिता येत न्हवतं. रखमाजींच्या त्या आजीच्या आईला. म्हणून ती उठली.

मला येतं.

शेजारचं स्टूल करकरलं. बघत न्हाई.

फांदीवर काहीतरी बसलं. पिवळं. अजून एक, हिरवं, कपाळावर लाल. ओळीनं बसतायत. पाण्याकडे बघत न्हाईत, इकडे बघतायत. माझ्याकडे.

कुणीतरी आई म्हणालं. लांबून. कापडाच्या आतून.

मला मूल न्हाई. पण वहीत लिहिलंय की आहे. नाक माझं, कान ह्यांचे. अक्षर माझं. माझ्या वहीत चूक सापडत न्हाई. वहीत आहे म्हणजे आहे.

राजीखुशीनं लिहिते. खाडाखोड न्हाई.

हाईडमध्ये आज—

लाभ. तुळजाबाई मच्छिं